आत्याच्या हाताचा तुकडा

आमच्या आत्याला दुखत नसे. म्हणजे दुखत असणार, माणूसच होती ती. पण दुखतं म्हणून सांगायचं नाही हा तिचा बाणा होता. चुलीतला निखारा बाहेर पडला की घरातली बाकीची माणसं चिमटा शोधत. आत्या तो दोन बोटांनी उचलायची, जागेवर ठेवायची आणि मग आमच्याकडे बघायची. बघायची म्हणजे आम्ही बघितलं की नाही ते बघायची. माझी आई एकदा पोळी उलटताना नुसतं "स्स" म्हणाली, तर आत्या कितीतरी दिवस तिला "लोण्याच्या हाताची" म्हणून हाक मारत होती. असा हा बाणा तिनं जन्मभर सांभाळला, आणि शेवटी त्यानंच तिला दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. तिला बिचारी वगैरे म्हणायची सोय तिनं कुणाला ठेवली नाही, कारण तिला लंबी रोटी येत होती. नागपुरात ज्यांनी ही रोटी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं, मीठ घालून सैल भिजवायचं आणि परातीत आपट-आपट आपटायचं, इतकं की कणीक ताणली तरी तुटत नाही. मग ओल्या हातावर गोळा घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत राहायचा. गोळा पसरतो, मनगटावरून ओघळतो, कोपरापर्यंत येतो, मलमलीच्या रुमालासारखा पातळ होतो. तो तसाच चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या माठावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळी करामत कोपरापासून बोटांपर्यंतची.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या गल्लीत लग्न निघालं की हळदीच्या दिवशी लंबी रोटी आणि वर लाल तर्री आलेला रस्सा हे ठरलेलं, आणि माठाजवळ आत्या बसणार हेही ठरलेलं. पैशाला ती हात लावत नसे. तिला लागायचा तो मान, आणि तो कमी पडला तर रस्सा खारट झालाय हे ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगायची. गल्लीतल्या बायका तिला भ्यायच्या, पण मुलीचं लग्न ठरलं की आधी तिच्याकडेच यायच्या. समोरच्या घरातल्या मुलीच्या बारशालाच आत्यानं सांगून ठेवलं होतं की हिच्या हळदीची रोटी माझ्या हातची. मुलगी तेव्हा पाळण्यात होती, नकार देण्याच्या स्थितीत नव्हती.

ती मुलगी मोठी झाली, आत्याच्या मांडीवरच झाली म्हटलं तरी चालेल, आणि त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. आणि त्याच उन्हाळ्यात आत्याच्या डाव्या हातावरचा डाग गल्लीच्या डोळ्यांवर आला.

डाग हाताच्या आतल्या बाजूला होता, मनगटापासून वर चढलेला. तांबूस-काळपट जाळी, आणि जाळीच्या मधली कातडी फिकट. तो केव्हा आला हे आत्यालाही सांगता येईना. आमच्या अंगणात पापड लाटायला बायका जमल्या होत्या. समोरची काकू, म्हणजे त्या नवऱ्या मुलीची आई, आत्याच्या शेजारी होती. तिचा हात लाटता लाटता थांबला. बघितलं, आणि पाणी प्यायला म्हणून उठली ती परत दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मग दोन दिवसांनी घरी आली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, यंदा आराम करा तुमी. किती दिवस राबसान?"

आराम! आमच्या गल्लीत कुणी कुणाला आराम करा म्हणत नसे. माझ्या आईला तापात कुणी आराम करा म्हटलं नव्हतं. आत्याला त्या शब्दाचा अर्थ लगेच कळला. ती काकूला म्हणाली, "बरं," आणि काकू गेल्यावर तिनं भांडी अशी घासली की एका पातेल्याचा कान तुटला.

मग घरगुती इलाज सुरू झाले. कडुनिंबाचा पाला वाटून लावून झाला, हळद-तेल झालं, कुठल्या तरी बाबांनी फुंकून दिलेली राख झाली. डाग होता तिथंच होता, फक्त वेगवेगळ्या रंगांत दिसायचा. आत्यानं शेवटी लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं आणि नागपूरच्या मे महिन्यात ते घालून बसली. मी म्हटलं, "आत्या, हिमालयात निघालीस का?" तर म्हणाली, "तू आपलं कॉलेज पाह्य."

मी कॉलेजात होते म्हणजे घरात सगळ्यात शिकलेली, म्हणजे दवाखान्यात तिला घेऊन जायची मीच. वडिलांनी तसं ठरवून टाकलं. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि कुठल्याही संकटावर त्यांचा पहिला उपाय खिडकी लावून घेण्याचा असे. त्यांनी खिडकी लावली, उकाड्यात आम्हा सगळ्यांना घामाघूम केलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. गल्लीत कोणी विचारलं तर म्हण, आत्याले घेऊन उमरेडले चालली."

"उमरेडले कोन हाय आपलं?" आत्यानं मोठ्यानं विचारलं. "अन् असं काहून कुजबुजून राहिला तू? म्या का चोरी केली?"

दवाखान्याच्या त्वचारोग विभागात भिंतीवर एक चित्र होतं. उघड्या पाठीचा माणूस, पाठीवर फिकट चट्टा, आणि खाली लिहिलेलं की न दुखणारा चट्टा अंगावर दिसला तर महारोगाची तपासणी करून घ्या. वेळेवर कळलं तर औषधानं बरा होतो, असंही त्याच्याखाली लिहिलं होतं. पण त्या ओळीपर्यंत कुणी पोचत नसे, वरच्या ओळीवरूनच लोक नजर फिरवायचे. आत्याला वाचता येत नव्हतं. चित्र तिला पुरेसं होतं. ती त्या भिंतीकडे पाठ करून बसली.

डॉक्टर इतका तरुण होता की आत्या त्याला "बाबू" म्हणाली. त्यानं तिला डोळे मिटायला सांगितलं आणि डागावरून कापसाची वात फिरवली. लागलं की सांगा, म्हणाला. आत्या गप्प. मग त्यानं टाचणी घेतली. मी तिच्या पाठीमागे उभी होते, मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसते शब्द ऐकू येत होते.

"टोचतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"आत्ता जरा जोरात टोचलं. दुखलं?"

"काईच नाही."

मग त्यानं काचेच्या दोन नळ्या आणवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. एक डागाला टेकवली. कशी आहे, विचारलं. आत्या म्हणाली, थंड. दुसरी टेकवली. आत्या म्हणाली, "हे बी थंडच." डॉक्टर उठला, नळीतलं पाणी बदलून आणखी गरम करून आणलं. नळीतून वाफ निघताना मी पाहिली. ती टेकवल्यावर आत्यानं जरा विचार केला आणि उदार मनानं म्हणाली, "हे कोमट म्हना, पाहिजे तं."

मला हसू आलं. डॉक्टरला आलं नाही. त्यानं तिच्या कोपराजवळची शीर बराच वेळ चाचपली, दोन्ही हातांची, आणि मग माझ्याकडे बघून बोलायला लागला, आत्याकडे नाही.  तो म्हणाला, "चट्टा बधिर वाटतोय. कातडीचा छोटा तुकडा काढून भिंगाखाली तपासावा लागेल. बायोप्सी म्हणतात त्याला. त्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

काय नक्की सांगता येणार नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये ते भिंतीवरचं चित्र होतं.

घरी येईपर्यंत आत्या डागावर पदर धरून बसली होती. रिक्षातून उतरल्यावर तिनं विचारलं, "काढलेला तुकडा वापस देतेत काय?"

"कशाला? लोणचं घालणार आहेस?"

"माह्या आंगाचा हाय. इचारलं."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, मी पुस्तक घेऊन पडले होते आणि ती गहू निवडत होती, तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "पोरी, ते निघालं तं मले इथं कोन ठेवीन?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "तुहा बाप ठेवीन. खिडकी लावून ठेवीन. पन माठाजवळ तं नाही न बसू देनार कोनी." मग थोड्या वेळानं, "त्या पोरीले म्या बारशाच्या दिवशी सांगतलं होतं." मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी चिडते, म्हणून मी तिच्यावरच ओरडले, की अजून काही निघालं नाही तर आधीच कसली रडगाणी गातेस. ती रडत नव्हतीच. मी रडत होते.

बायोप्सीच्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती. तिच्या हाताची बोटं आखडलेली होती, नाक जरा बसलेलं. औषध न्यायला ती नेहमी येत असावी, कारण शिपायापासून सगळ्यांना ओळखत होती आणि सगळ्यांची चौकशी करत होती. आत्याला तिनं विचारलं, "पयल्यांदाच आली काय बाई?" आत्या उत्तर द्यायच्या आधी बाकावर सरकली. चांगली हातभर सरकली, मलाही ढकललं. ती बाई हसून म्हणाली, "सरका, सरका. मले सवय हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त आला. मी आत्याच्या कानात म्हटलं, "पापडाच्या दिवशी समोरची काकू अशीच उठली होती ना?" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी कानफटात बसेल या तयारीनं मान वळवली.  पण जरा वेळानं ती होती तिथं परत सरकली आणि त्या बाईला तुसडेपणानं म्हणाली, "कुठल्या गावच्या तुमी?"

आत बोलावलं तेव्हा तरुण डॉक्टरच्या जागी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. आत्याला पलंगावर आडवं केलं, हात उताणा ठेवला, डागावर औषधाचा बोळा फिरवला. मला त्या जवळ उभं राहू देईनात, पण आत्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि ते सोडवणं त्यांनाही जमलं नाही.

"आधी बधिर करायची सुई देते," बाई म्हणाल्या. "थोडं झोंबेल."

सुई आत गेली. आत्याचा चेहरा जसाच्या तसा. माझ्या मनगटात मात्र तिची पाचही नखं रुतली. बाईंनी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," आत्या म्हणाली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "खोटं बोलते ही! हे बघा, हे बघा माझं मनगट!" आणि मनगट बाईंच्या नाकासमोर धरलं. नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं.

बाईंनी सुई थांबवली. आधी माझं मनगट पाहिलं, मग आत्याचं तोंड. मग त्या डागाच्या वरच्या कडेकडे, जिथं अजून बधिर झालं नव्हतं तिथं, टाचणी घेऊन गेल्या. आत्यानं नजर छताकडे लावली. टाचणी टेकली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या पायाचे अंगठे आत वळले.

"आजी, खरं सांगा. लागतंय की नाही?"

"आता टाचनी टोचली तं लागनार नाही काय?" आत्या म्हणाली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"येवढ्याश्या टाचनीले दुखते म्हनाव काय बाई? लोक काय म्हनतीन?"

"आणि गरम नळी? ती थंड कशी लागली?"

"गरम कायची ते?" आत्या आता पलंगावर अर्धी उठून बसली, तिला बोलायला विषय मिळाला होता. "माह्या माठाजवळ हात धरून पाहा एक डाव, मंग सांगा मले गरम काय असते ते."

"कसला माठ?" बाईंनी विचारलं. त्या पुण्याकडच्या होत्या. नागपुरात येऊन त्यांना लंबी रोटी कुणी खाऊ घातली नव्हती, हे ऐकून आत्याला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिनं औषध लावलेल्या हातासकट दोन्ही हात हवेत उचलले आणि कणीक कशी झेलायची, कोपरावर कशी घ्यायची, माठावर कशी टाकायची, हे तिथंच करून दाखवलं. नर्स ओरडली. बाई मात्र लक्ष देऊन बघत होत्या. "चूल कुठल्या बाजूला असते तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"किती वर्षं?"

"म्या सोळा-सतराची असन तव्हापासून."

बाई पुन्हा त्या जाळीवर वाकल्या आणि हसल्या. पण म्हणाल्या, "तुकडा तरी काढणारच. तुमच्या जिभेवर माझा आता विश्वास नाही. कातडी खरं सांगेल."

तोवर हात बधिर झाला होता, यावेळी खराच. ब्लेडनं त्यांनी इवलासा तुकडा काढला, टाके घातले, तुकडा औषधाच्या बाटलीत सोडला. आत्यानं बाटली मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि तिचा अपमान झाल्यासारखी म्हणाली, "येवढासाच? येवढ्यात काय समजते यायले?"

मग वाट बघणं. टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. रिकामी बसलेली आत्या ही काय चीज असते हे आमच्या घरानं त्या दिवसांत पाहिलं. ती खाटेवर बसून आईला स्वयंपाक सांगायची. मीठ आता घाल. आता नोको घालू. भाजी लागून राहिली वं, वास येत नाही काय तुले? आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "देवा, काही निघू नये तिला. निघालं तर ही कायम अशी बसून राहील." ती थट्टेत म्हणाली, पण लगेच पदर तोंडाला लावून आत गेली.

त्यात बातमी आली की समोरच्यांनी हळदीच्या रोट्यांसाठी कामठीहून बाई ठरवली. आत्या म्हणाली, "कामठीच्या रोट्या म्या खाल्ल्या हायेत. गोधड्या असतेत." माझ्या माहितीप्रमाणे आत्या कामठीला जन्मात एकदा गेली होती आणि त्या दिवशी तिचा उपास होता.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, आत शिरता शिरताच म्हणाल्या, "महारोग नाही. दुसरंही काही वाईट नाही." मी मटकन स्टुलावर बसले. आत्या उभीच होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोनाले लागत तं नाही न हे?"

"नाही."

"कनकीतून?"

"नाही, आजी. कशातूनच नाही."

"पक्कं?"

"पक्कं. तुमची कातडी वर्षानुवर्षं शेकली गेलीय. भाजावी इतकी नाही, पण रोज थोडी थोडी. त्यानं रंग असा जाळीसारखा चढतो." मग त्यांनी बोट उगारलं. "पण आता चुलीजवळ बसायचं नाही. धग बंद झाली तर डाग हळूहळू फिका होईल, वर्ष लागेल कदाचित. बसत राहिलात तर जाणार नाही, आणि पुढंमागं तिथं वाईट दुखणंही होऊ शकतं. समजलं?"

आत्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर तिनं बाकाकडे एकदा पाहिलं, तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. मग ती रस्ताभर बोलत होती, रिक्षावाल्याशीसुद्धा.

वडिलांनी त्या दिवशी खिडकी उघडली. नुसती उघडली नाही, खिडकीत उभं राहून, गल्लीत कुणीही विचारलं नसताना, "तसलं काही नाही बरं का, चुलीच्या धगीचं आहे" असं मोठ्यानं आईला सांगितलं. आई त्यांच्या शेजारीच उभी होती.

समोरची काकू आली. तिला खरंच बरं वाटलं होतं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मी उगीच खोटं कशाला लिहू. पण जाता जाता तिची नजर आत्याच्या हातावर गेली आणि ती म्हणाली, "डाग तं दिसतेच न अजून. पावन्याईले कोन समजावत बसन, आत्याबाई? जाऊ द्या एकदाचा डाग, मंग बसा पुन्हा माठाजवळ."

म्हणजे बघा कशी गंमत होती. डाग जायचा तर आत्यानं माठ सोडायला हवा. आणि माठाजवळ बसायचं तर आधी डाग जायला हवा. दवाखान्यानं आणि गल्लीनं मिळून तिला असं कोपऱ्यात गाठलं होतं आणि दोघंही तिच्या भल्याचंच बोलत होते. मला काकूचा इतका संताप आला की मी तिला दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही. आत्या नुसती म्हणाली, "कामठीवालीले म्हना, मीठ कमी टाकू नोको."

हळदीला आमच्या घराला बोलावणं होतंच. आत्या जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. तिनं नवं लुगडं नेसलं, आणि लांब बाह्यांचं ते पोलकं ट्रंकेत टाकून नेहमीचं, कोपराच्या वर बाही असलेलं घातलं. मांडवात ती नवऱ्या मुलीजवळ गेली, तिच्या गालाला हळद लावली. मुलगी तिचा हात धरून बसली, तोच हात, आणि सोडेना. आत्यानंच तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "जेवतो आता. भूक लागली." मी तिच्या मागे होते. ती पंगतीकडे गेली नाही. मांडवाच्या मागं चूल होती, तिकडे निघाली. मला वाटलं, आता कामठीवालीची धडगत नाही.

ती बाई तिशीतली असेल, बारीक, घामानं निथळलेली. एकटीच सगळं करत होती, कणीकही आपटत होती आणि माठावरही टाकत होती. आत्या तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माठावर पडलेली रोटी तिनं पाहिली. पातळ होती. आत्याला ते मान्य करावं लागलं असणार, कारण गोधडी हा शब्द तिनं काढला नाही. मग त्या बाईनं पुढचा गोळा घेतला, हात कोपरापर्यंत ओला केला, आणि तिच्या डाव्या हाताची आतली बाजू उजेडात आली. मनगटापासून वर चढलेली तांबूस-काळपट जाळी. आत्याच्या हातावर होती तशीच, जरा ताजी.

मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं. आजूबाजूला वाढपी होते, बायका होत्या, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आत्या खाली बसली, कणकीवर झाकलेलं ओलं फडकं उचललं आणि त्या बाईच्या हाताला मनगटापासून वर गुंडाळायला लागली.

"काय करून राहिल्या माय?" ती बाई दचकून म्हणाली.

"झाकून ठेव. धग कमी लागते. अन् इथल्या लोकाईचे डोळे चांगले नाहीत."

"हे पाहून म्हनता काय?" ती बाई हसली. "हे तं आमच्या तिकडं माठावर बसनाऱ्या सगळ्याईले असते. माह्या मायले होतं, मावशीले हाय. त्यात काय?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. आमच्या अख्ख्या गल्लीत माठावर बसणारी ती एकटीच होती. दुसरा असा हात तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि आम्हीही नाही. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. धूर लागला म्हणाली. मग चुलीच्या पलीकडे, धगीपासून लांब जाऊन बसली, परात पुढं ओढली आणि कणीक आपटायला लागली. "तू फक्त माठ पाह्य," ती त्या बाईला म्हणाली. "गोळे मी देतो."

तेवढ्यात समोरची काकू रोट्या न्यायला आली. आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकीत बघून ती जागच्या जागी थांबली. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "काहून बसल्या तुमी इथं? पावने पाहतीन ना." त्याच क्षणी कामठीवालीनं घाम पुसायला हात वर केला. फडकं सुटून खाली पडलं. काकूनं तिचा हात पाहिला. मग आत्याचा पाहिला. मग पुन्हा तिचा. 

मांडवात पंगती जेवून उठत होत्या. वरपक्षाकडचे कुणीतरी आणखी रोटी आणा म्हणून हाका मारत होते. काकूचे दीर, जावा, नवरी मुलगी, तिचा बाप, सगळे त्याच रोट्या खाऊन बसले होते. काकूनं स्वतःही खाल्ली होती, तिच्या ओठाला अजून तर्री लागलेली होती.

आत्यानं मान वर केली नाही. कणीक आपटत आपटत, फक्त काकूलाच ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अर्धं गाव जेवलं वं. आता सगळ्याईले सांगत बसतेस, का वाढतेस?"

काकूनं मांडवाकडे वळून पाहिलं. मग तिनं खाली पडलेलं फडकं उचललं, झटकलं, आत्याच्या हाताजवळ ठेवलं, आणि रोट्यांची परात घेऊन वाढायला गेली.